माणूस गेल्यावर त्याची गुलाबाची बाग

ज्या व्यक्तीने आयुष्याची वीस-तीस वर्षे गुलाबाच्या बागेला दिली, तिच्या निधनानंतर तिचे स्मरण कोणत्या रीतीने करावे, हा प्रश्न कुटुंबीयांपुढे आणि स्नेह्यांपुढे बहुधा उलट्या क्रमाने येतो. प्रथम तसबीर, मग सिमेंटचा बाक किंवा कमान, मग एखादा पुरस्कार आणि सर्वांत शेवटी बाग असा तो क्रम असतो. बागेची पाळी येईपर्यंत कुंड्यांतील माती कडांपासून सुटून बरीचशी झाडे हातची गेलेली असतात. वास्तविक गुलाब लावणाऱ्या माणसाचे स्मारक त्याने स्वतःच उभे करून ठेवलेले असते. मागे राहिलेल्यांनी ते जिवंत ठेवावे, त्यातील प्रत्येक झाडाचे नाव झाडाशी बांधून ठेवावे आणि त्याचा वंश दुसऱ्या अंगणांत वाढता करावा, एवढेच त्याला हवे असते. हे काम भावनेइतकेच बागायतीच्या हातोटीचे असल्यामुळे त्याची पद्धत नंदुरबार जिल्ह्याची जमीन, हवामान आणि चालीरीती लक्षात घेऊन येथे मांडली आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा गुलाबाला फारसा सोयीचा नाही. तापीखोऱ्यात नंदुरबार, शहादा आणि तळोदा या भागांत खोल काळी जमीन आहे. ती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात मुळांशी हवा खेळू देत नाही, उन्हाळ्यात भेगाळून बारीक मुळे तोडते आणि तिचा सामू, म्हणजे मातीच्या आम्ल-विम्लतेचे मान, गुलाबाला मानवते त्याहून वरचा असतो, त्यामुळे लोह जमिनीत असूनही झाडाला मिळत नाही आणि कोवळी पाने केवळ शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो. उत्तरेला सातपुड्यात, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असलेल्या तोरणमाळच्या परिसरात हवा निराळी असते, परंतु जिल्ह्यातील बहुतेक घरगुती बागा सपाटीवरच आहेत. अशा मुलखात ज्याने गुलाब वर्षानुवर्षे फुलवला, त्याने झाडांबरोबर एक स्थानिक शहाणपणही जमवलेले असते: कोणत्या जातीला दुपारची सावली लागते, कोणती पिवळी जात उन्हात पांढरी पडते, वाफ्यात मुरूम किती मिसळावा, बोअरचे पाणी आणि पावसाचे पाणी यांत झाडाला कोणता फरक जाणवतो. हे शहाणपण छापील पुस्तकात सापडत नाही, आणि झाडे वाचली तरी ते न नोंदले गेल्यास वाचलेली झाडेही पुढे टिकत नाहीत.

पहिले तेरा दिवस

निधनानंतरचे पहिले तेरा दिवस बागेसाठी धोक्याचे असतात. सुतकात पूजा बंद असते, फुले खुडली जात नाहीत, द्वारदर्शनासाठी, म्हणजे शोकाकुल कुटुंबाला भेटण्यासाठी, येणाऱ्यांची रीघ असते, घरातील बायामाणसे पाहुण्यांच्या व्यवस्थेत गुंतलेली असतात, आणि उत्तरकार्य व गंधमुक्ती, म्हणजे शोकाचा काळ संपवून कुटुंबाला नेहमीच्या व्यवहारात आणणारा खानदेशातील विधी, आटोपेपर्यंत बागेकडे कोणाची नजर जात नाही. म्हणून भेटीस येणाऱ्या स्नेह्यांपैकी बागेची जाण असलेल्या एकाने पहिल्याच दिवशी पाण्याची जबाबदारी उघडपणे स्वतःकडे घ्यावी. ‘काही लागले तर सांगा’ या औपचारिक वाक्यापेक्षा ‘सकाळचे पाणी माझ्याकडे’ हे वाक्य अशा घराला अधिक उपयोगी पडते.

या काळात पाण्याखेरीज दुसरे काहीही करू नये. उत्साहाच्या भरात खत घालणे, मोठी छाटणी करणे किंवा ‘घर आवरताना’ कुंड्या हलवून त्यांवरील पाट्या एकत्र गोळा करणे, या तिन्ही गोष्टींनी दुष्काळाइतकेच नुकसान होते. त्यांतही पाट्या गोळा करणे सर्वांत वाईट, कारण झाड पुन्हा फुटते, पण सुटलेले नाव परत मिळत नाही. मात्र उन्हाळा असेल तर कुंड्या आहेत त्याच क्रमाने पूर्वेकडील भिंतीच्या आडोशाला, एकमेकींना चिकटून ठेवाव्यात आणि मातीवर उसाचे पाचट किंवा गव्हाचा भुसा पसरावा. त्याआधी मोबाइलवर संपूर्ण बागेची, डावीकडून उजवीकडे सलग, छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे कोणते झाड कोठे होते हे पुढे सांगता येते. मध्यम आकाराच्या कुंडीला मे महिन्यात रोज पाणी लागते, जमिनीतील जुन्या झाडाला एक दिवसाआड पुरते, आणि शंका आल्यास बोट दोन पेरे मातीत घालून ओल पाहावी. वरची माती कोरडी दिसते म्हणून काळ्या जमिनीत रोज पाणी भरणारा हितचिंतक झाडे कुजवून मोकळा होतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. बाग ज्याच्या नावाने ओळखली जाते, तोच तिला पाणी घालत होता असे नेहमीच नसते; प्रदर्शनात बक्षीस घेणारा एक आणि रोज पहाटे पाइप धरणारी पत्नी, सून किंवा कामावरचा गडी दुसरा, अशी पुष्कळ बागांची खरी मांडणी असते. त्या दुसऱ्या व्यक्तीला विचारल्याशिवाय बागेविषयी कोणताही निर्णय घेऊ नये, आणि स्मरणाच्या लिखाणातही तिचे नाव राहू द्यावे.

शोकाचे दिवस संपल्यावर सुकलेली फुले खालच्या पाच पर्णिकांच्या पानापर्यंत कापून घ्यावीत, कारण तशीच राहिल्यास झाड आपली शक्ती फळ धरण्यात घालवते. नंदुरबार परिसरात मिरचीचे क्षेत्र मोठे असल्याने आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे लागते: मिरचीची पाने आक्रसवणारे फुलकिडे गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवरही उपजीविका करतात, आणि शेजारच्या शेतातील मिरची काढणीला आली की त्यांचा मुक्काम अंगणातील गुलाबावर हलू शकतो. कळ्यांच्या कडा तपकिरी होऊन त्या अर्धवट उमलू लागल्या, तर ‘माणूस गेला आणि झाडांनीही जीव सोडला’ अशी हळहळ न करता निळे चिकट सापळे लावावेत आणि बाधित कळ्या काढून नष्ट कराव्यात.

कोणते झाड वाचवायचे

मोठी बाग जशीच्या तशी राखणे फार थोड्या कुटुंबांना जमते. घर विकले जाते, मुले नाशिक-पुण्याला असतात, भाडेकरूला काट्यांची झाडे नको असतात. अशा वेळी निवड करावी लागते, आणि ती करण्यासाठी गुलाबाच्या वंशवाढीचे एक तत्त्व समजून घेतले पाहिजे. बागेतील नामांकित गुलाब बियांपासून वाढवलेले नसतात; एका मूळ झाडाचा डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातील सुप्त कळी, दुसऱ्या काटक गुलाबाच्या खोडावर बसवून त्यांची वाढ केलेली असते, आणि म्हणून एका जातीची सर्व झाडे गुणधर्मांनी एकच असतात. ज्या खालच्या झाडावर डोळा बसवतात त्याला खुंट म्हणतात. यावरून असे निघते की ‘ग्लॅडिएटर’सारखी, महाराष्ट्रातील कोणत्याही रोपवाटिकेत मिळणारी जात वाचवण्यासाठी जिवाचा आटापिटा करण्याचे कारण नाही, ते विशिष्ट झाड त्या व्यक्तीने लावले म्हणून प्रिय असेल तर गोष्ट वेगळी, पण जात म्हणून ती सुरक्षित आहे.

खरी निकड तीन प्रकारच्या झाडांची असते. पहिला प्रकार नाव हरवलेल्या जुन्या झाडांचा, ज्यांत विहिरीजवळचा किंवा परसातील गावठी गुलाब येतो. तो कोणी कोठून आणला हे सांगणारी पिढी बहुधा आधीच गेलेली असते. दुसरा प्रकार त्या व्यक्तीने स्वतः बी पेरून किंवा परागीकरण करून तयार केलेल्या रोपांचा, ज्यांची जगात दुसरी प्रत नसते. तिसरा प्रकार ‘स्पोर्ट’चा, म्हणजे एखाद्या झाडाच्या एकाच फांदीवर आपोआप वेगळ्या रंगाची फुले येऊन ती फांदी स्वतंत्रपणे वाढवलेली असते त्या झाडांचा. या तिन्हींतील एखादे झाड गेले तर ते कायमचे गेले, म्हणून मर्यादित वेळ, पाणी आणि माणूसबळ प्रथम त्यांच्यावर खर्च करावे.

जगातील सर्वांत प्रसिद्ध गुलाबाची हकीगत या संदर्भात उद्बोधक आहे. फ्रान्समधील संकरकार फ्रान्सिस मेयाँ यांनी १९३०च्या दशकात तयार केलेल्या, फिकट पिवळ्या पाकळ्यांना गुलाबी कडा असलेल्या जातीला त्यांनी आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ ‘मादाम ए. मेयाँ’ असे नाव दिले. या मातोश्री क्लोदिया स्वतः गुलाब पैदास करणाऱ्या दुब्रोय घराण्यातील होत्या. दुसरे महायुद्ध पेटण्याच्या सुमारास या जातीच्या डोळकाड्या, म्हणजे डोळे काढून घेण्यासाठी कापलेल्या फांद्या, जर्मनी, इटली आणि अमेरिका येथील रोपवाटिकांकडे रवाना झाल्या. युद्धात दळणवळण तुटले, प्रत्येक देशात त्या गुलाबाला निराळे नाव मिळाले आणि अमेरिकेत २९ एप्रिल १९४५ रोजी त्याचे ‘पीस’ असे नामकरण झाले. आज भारतातील रोपवाटिकांत तो याच नावाने मिळतो आणि त्यामागची आई बहुतेकांना ठाऊक नाही. यातून दोन धडे मिळतात. जात एकाहून अधिक ठिकाणी असावी, कारण एका जागेचा भरवसा नसतो. आणि नाव झाडाबरोबर प्रवास करील याची तजवीज मुद्दाम करावी लागते, ते आपसूक होत नाही.

ज्या झाडाचे नाव कळत नाही, त्याला अंदाजाने प्रसिद्ध जातीचे नाव चिकटवू नये. बर्म्युडा बेटावर १९५४ मध्ये स्थापन झालेल्या गुलाब संस्थेने याबाबत अनुकरणीय पायंडा पाडला आहे. तेथील जुन्या अंगणांत सापडलेल्या, मूळ नावे विसरली गेलेल्या जातींना ‘गूढ गुलाब’ म्हणून वेगळे नोंदवले जाते आणि त्यांना परिसराचे किंवा बागेच्या मालकिणीचे नाव तात्पुरते दिले जाते. ‘स्मिथ्स पॅरिश’ आणि ‘मिस अ‍ॅटवुड’ ही त्यांची उदाहरणे होत. शहाद्याच्या एखाद्या वाड्यातील गावठी गुलाबाला तो लावणाऱ्या आजीचे नाव अशा रीतीने, तात्पुरते म्हणून आणि अवतरणचिन्हांत, देता येते, आणि दगडी पाटीपेक्षा हे स्मारक अधिक काळ टिकण्याचा संभव असतो. मात्र रोपवाटिकेत मिळणाऱ्या जातीचे नाव बदलून तिला दिवंगताचे नाव देणे ही प्रेमापोटी केलेली असली तरी फसवणूक आहे. नव्या जातीलाच नवे नाव देता येते, आणि गुलाबांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीचे काम १९५५ पासून अमेरिकन रोझ सोसायटीकडे आहे.

डोळा भरण्याची रीत

वंश पुढे नेण्याचे दोन मार्ग आहेत. गावठी गुलाब, ‘एडवर्ड’ ही जात आणि बहुतेक वेली गुलाब छाटकलमाने येतात: पेन्सिलीच्या जाडीची, वीतभर लांबीची पक्व काडी खालच्या डोळ्याखाली सरळ आणि वरच्या डोळ्यावर तिरकी कापून, दोन-तृतीयांश लांबी ओलसर वाळूमिश्रित मातीत पुरली आणि सावलीत ठेवली की काही आठवड्यांत मुळे धरतात. मोठ्या फुलांचे संकरित गुलाब मात्र स्वतःच्या मुळांवर अशक्त राहतात, म्हणून त्यांचा डोळा खुंटावरच भरावा लागतो. हे काम नंदुरबारच्या हवेत नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चांगले साधते.

डोळकाडी निवडताना नुकतीच पाकळ्या गळलेली फांदी घ्यावी आणि तिच्यावरील काटा अंगठ्याने बाजूला रेटून पाहावा. तो कट्कन स्वच्छ निघाला तर काडी तयार आहे, साल घेऊन सोलला तर अजून कोवळी आहे, आणि हललाच नाही तर जून झाली आहे असे समजावे. पाने कापताना देठाचा सेंटिमीटरभर भाग ठेवावा, कारण पुढे तोच डोळा धरण्याची मूठ होतो. फांदीच्या मधल्या भागातील फुगीर डोळे घ्यावेत. शेंड्याचे आणि बुडाचे सोडावेत. धारदार चाकूने डोळ्याच्या खालून वर सरकत दोन-अडीच सेंटिमीटर लांबीची ढालीच्या आकाराची साल काढावी आणि तिच्या पाठीला चिकटलेला लाकडाचा पापुद्रा हलक्या हाताने सोडवावा. खुंटावर जमिनीपासून चार-पाच बोटे उंचीवर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा छेद सालीपुरताच घ्यावा, चाकूच्या बोथट टोकाने सालीच्या दोन्ही कडा उचलाव्यात, ढाल वरून खाली सरकवावी आणि डोळा उघडा ठेवून पॉलिथिनच्या पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळावे. दोन-तीन आठवड्यांनी उरलेला देठ बोटाच्या स्पर्शाने गळून पडला तर डोळा लागला. तो सुकून तेथेच चिकटून राहिला तर डोळा मेला, आणि खुंटाच्या दुसऱ्या बाजूस पुन्हा प्रयत्न करावा. डोळा फुटल्यावर वरचा खुंट कापावा आणि खालून येणारे खुंटाचे फुटवे दिसतील तेव्हा काढत राहावे. हे फुटवे न काढल्यामुळेच ‘बाबांचा लाल गुलाब नंतर पांढरा, एकेरी झाला’ अशा आख्यायिका घरोघरी तयार होतात. वास्तविक लाल गुलाब मेलेला असतो आणि त्याचा खुंट फुललेला असतो.

दूरच्या मुलीकडे किंवा मित्राकडे डोळकाड्या पाठवायच्या असतील तर त्या ओल्या वर्तमानपत्रात आणि वरून पॉलिथिनमध्ये गुंडाळून, प्रत्येक जुडीत नावाची चिठ्ठी घालून पाठवाव्यात. थंडीच्या दिवसांत त्या तीन-चार दिवस टिकतात. प्रत्येक दुर्मीळ झाड किमान तीन ठिकाणी पोहोचेपर्यंत हे काम संपले असे मानू नये. बागेत व्यापारी फुलशेतीसाठीच्या, वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये संरक्षित जाती असल्यास त्यांची विक्रीसाठी रोपे करू नयेत. स्वतः डोळा भरण्याचा हात नसेल तर जवळच्या रोपवाटिकेतील कारागिराला खुंटासह कामाचे पैसे द्यावेत, आणि मातीपरीक्षणासाठी नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

नोंदवही आणि पाटी

दिवंगताची वही मिळाली तर ती झेरॉक्स करून मूळ प्रत कपाटात ठेवावी. पुष्कळ बागांना वही नसते. सगळे डोक्यात असते, आणि मग ते इतरांच्या डोक्यांतून गोळा करावे लागते. द्वारदर्शनाला येणारे लोक नेमके त्याच वेळी आठवणी सांगत असतात, म्हणून त्या महिन्यातच कुटुंबातील एका तरुणाने मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. प्रश्न साधे आणि कामाचे असावेत: हे झाड केव्हा आले, कोणी दिले, छाटणी कोणत्या सणाच्या आसपास होत असे, शेण कुजवायला किती महिने ठेवत, भुरी आल्यावर काय फवारत. सांगणारा अहिराणी, भिली, पावरी किंवा गुजरी बोलत असेल तर उत्तर त्याच बोलीत राहू द्यावे. त्याचे प्रमाण मराठीत केलेले सफाईदार रूपांतर माहिती ठेवते, पण माणूस घालवते.

पाटीसाठी ऑइलपेंट आणि मार्करची शाई दोन्ही खानदेशच्या उन्हात लवकर उडतात. थंड पेयाच्या रिकाम्या डब्याचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पट्ट्यांत कापून, कडा दुमडून, मऊ पुठ्ठ्यावर ठेवून बोथट बॉलपेनने दाब देत लिहिले की अक्षर पत्र्यातच उमटते आणि वर्षानुवर्षे वाचता येते. पाटीवर जातीचे नाव, लावणाऱ्याचे नाव आणि वर्ष एवढेच असावे. ती फांदीला तारेने करकचून बांधू नये. खोड जाड होते आणि तार त्यात रुतते.

तिथी, राख आणि आखाजी

वर्षश्राद्धाच्या दिवशी तसबिरीला त्याच बागेतील फुले वाहावीत अशी इच्छा बहुतेक घरांत असते, आणि ती योजनेने पूर्ण करता येते. छाटणीनंतर गुलाबाला साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी बहर येतो, म्हणून तिथी जानेवारीच्या मध्यावर असेल तर नोव्हेंबरच्या अखेरीस छाटणी करावी. अधिक निश्चिती हवी असेल तर काही झाडे एक आठवडा आधी आणि काही नंतर छाटावीत. खानदेशात पितरांचे स्मरण अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला, घागर भरून केले जाते, परंतु वैशाखातील त्या दिवसांत संकरित गुलाबाकडून मोठ्या फुलाची अपेक्षा ठेवून फेब्रुवारी-मार्चमध्ये जोराची छाटणी करणे चुकीचे आहे, कारण नवी कोवळी फूट भर उन्हात करपते. घागरीजवळ गावठी गुलाबाची चार लहान फुले ठेवावीत. ती पुरेशी आहेत.

अस्थींची थोडी राख झाडाच्या मुळाशी घालण्याची कल्पना अलीकडे काही कुटुंबांना जवळची वाटते. जिल्ह्यातील पुष्कळ लोक अस्थिविसर्जनासाठी तापी-गोमाई संगमावरील, दक्षिण काशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकाशे येथे जातात, आणि त्याबरोबर हेही करता येते; पण राख विम्लधर्मी आणि क्षारयुक्त असते व येथील काळी जमीन आधीच त्या बाजूला झुकलेली असते. खड्ड्यात राखेचा थर देऊन त्यावर रोप लावले तर ते रोप मरते, आणि त्या मरणाचा जो अर्थ घरात काढला जातो तो टाळण्यासाठी तरी काळजी घ्यावी. चिमूटभर राख दोन घमेली कुजलेल्या शेणखतात आणि मातीत नीट मिसळून ती जुन्या, रुजलेल्या झाडाभोवती पसरणे हाच सुरक्षित मार्ग होय.

सार्वजनिक स्मरण

नंदुरबारला स्मारकांची परंपरा नवी नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी इंग्रजी राजवटीच्या गोळीबारात हुतात्मा झालेल्या शिरीषकुमार मेहता आणि त्यांच्या चार साथीदारांचे स्मारक शहरात उभे आहे, आणि ते दगडातच असणे योग्य आहे, कारण तेथे एका प्रसंगाची आठवण एका जागेशी बांधायची होती. बागेत आयुष्य घालवणाऱ्या माणसाच्या स्मरणाची जात वेगळी असते. गुलाबावर प्रेम करणारे राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे नाव चंदीगडमध्ये १९६७ साली, त्यांच्या हयातीत, एका विस्तीर्ण गुलाब उद्यानाला देण्यात आले. ३ मे १९६९ रोजी त्यांचे निधन झाल्यानंतरही त्या उद्यानात दर वर्षी गुलाबांचा महोत्सव भरतो, आणि नाव लोकांच्या तोंडी राहते ते उद्यानातील राबत्यामुळे. मुंबईत अणुसंशोधनाची उभारणी करणारे आणि आपल्या संस्थांच्या बागा-वृक्षांकडे जातीने लक्ष देणारे डॉ. होमी भाभा २४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात गेले, तेव्हा गहू संशोधक आणि गुलाब पैदासकार डॉ. बी. पी. पाल यांनी एका पांढऱ्या गुलाबाला त्यांचे नाव दिले. स्वतः पाल १४ सप्टेंबर १९८९ रोजी निवर्तले; ‘रोझ शर्बत’ आणि ‘दिल्ली प्रिन्सेस’ या त्यांच्या जाती आणि भारतातील गुलाबावरचा त्यांचा ग्रंथ हे त्यांचे स्मारक होय.

गावपातळीवर एवढे मोठे काही होणे नाही आणि होण्याची आवश्यकताही नाही. नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जागेत स्मृतिउद्यान करायचे असेल तर आधी सभेचा ठराव लेखी मिळवावा, आणि ठरावात नाव कोणाचे याबरोबरच पाणी कोणाचे हेही लिहून घ्यावे. शंभर झाडांना उन्हाळ्यात प्रत्येकी पाच लिटर धरले तरी रोज पाचशे लिटर पाणी आणि ते घालणारे माणूस लागते. त्याची सोय नसेल तर शंभराऐवजी दहा झाडे शाळेच्या आवारात लावणे अधिक शहाणपणाचे. पुरस्कार ठेवायचा असल्यास व्याजाचा हिशेब प्रथम मांडावा: पंचवीस हजार रुपयांच्या ठेवीवर सहा टक्के दराने वर्षाला दीड हजार रुपये मिळतात, आणि तेवढ्यात करंडक, हार आणि छायाचित्र यांपेक्षा पाच विद्यार्थ्यांना डोळा भरण्याचा चाकू आणि खुंटाची रोपे देणे दिवंगताच्या कामाच्या अधिक जवळ जाते. श्रद्धांजलीच्या लेखातही ‘गुलाबांचा राजा’ अशी विशेषणे टाळून, त्याने कोणत्या जाती टिकवल्या, कोणाला रोपे दिली आणि कोणती चूक करू नका असे तो लोकांना सांगत असे, हे लिहावे. ते वाचून पुढचा माणूस बाग करू शकतो.

ज्या घरात यंदा असे निधन झाले आहे, त्या घराने वेळापत्रकातील एक अडचण आत्ताच लक्षात घ्यावी. डोळा भरण्याचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होत असला, तरी त्या वेळी पेन्सिलीइतका जाड खुंट हाताशी हवा असेल तर खुंटाच्या काड्या जून-जुलैमध्ये, पहिल्या चांगल्या पावसावर लावून ठेवाव्या लागतात. तेवढ्या काळात जुने झाड वाळू न देणे हे पाणी घालणाऱ्याच्या हातात आहे.